वेड न पांघरता

(प्रस्तावना)

पेडगाव म्हटलं की ऐकणारा हसतो. परभणीच्या कॉलेजात नाव घालताना, पुण्यात खोली शोधताना, मुंबईच्या लोकलमध्ये शेजारच्या माणसाशी ओळख होताना ‘गाव कुठलं?’ या प्रश्नाला मी उत्तर दिलं, की समोरच्याला ती म्हण आठवतेच. वेड पांघरून पेडगावला जाणं. म्हणीतलं पेडगाव आमचं नव्हे. ते भीमेच्या काठचं, श्रीगोंदा तालुक्यातलं, बहादूरगडाचं. आमचं पेडगाव परभणी तालुक्यातलं, मनमाडकडून येणाऱ्या पॅसेंजरला परभणीच्या आधी लागणारं छोटं स्टेशन. हे मी पुष्कळ वर्षं लोकांना समजावून सांगत आलो. अलीकडे सांगत नाही, कारण ती म्हण मला जवळची वाटू लागली आहे. ज्या चार कादंबऱ्यांविषयी हे छोटं पुस्तक लिहिलं, त्या वाचतानाच तिचा अर्थ मला नीट कळला.

वेड पांघरणं म्हणजे सगळं कळत असून न कळल्याचं सोंग करणं. सोंग करणारा सुरुवातीला दुसऱ्याला फसवत असतो. दिवस जातात, पांघरूण अंगाला चिकटतं, आणि आपल्याला काय कळत होतं हे त्याचं त्यालाच आठवेनासं होतं. सगळा समाज असं पांघरूण घेऊन बसला तर काय होईल, हा या चारही कादंबऱ्यांचा विषय आहे.

अशा कादंबऱ्यांना डिस्टोपियन म्हणतात. थॉमस मोर यांनी १५१६ साली ‘युटोपिया’ नावाचं पुस्तक लिहून एका आदर्श बेटाचं वर्णन केलं. त्या शब्दाच्या उलट टोकाचा शब्द जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८६८ साली ब्रिटिश संसदेतल्या भाषणात वापरला. पहिल्या कल्पनेला आपल्याकडे ‘रामराज्य’ आहे. दुसरीला मराठीत शब्द नाही असं अभ्यासक म्हणतात. पण तो आहे, आणि तो आमच्याच मुलखाचा आहे. ‘ही काय मोगलाई लागून गेली?’ असं महाराष्ट्रात कुठंही कुणी रागानं विचारतो, तेव्हा त्याला बेबंद, जुलमी कारभार म्हणायचं असतं. मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना मात्र मोगलाई म्हणजे निजामाचा मुलूख, त्यांचं रोजचं राहतं घर. माझे आजोबा आपल्या लग्नाचं साल सांगताना ‘मोगलाईत झालं’ म्हणायचे. निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांचा विषय निघाला की त्यांचा आवाज खाली यायचा. अंगणात आमच्याशिवाय कुणी नसायचं, ते राज्य जाऊन चाळीस वर्षं झाली होती, तरी आवाज खाली यायचा. पुढं ‘१९८४’ ही कादंबरी वाचताना तिचा नायक विन्स्टन स्मिथ भिंतीतल्या, पाळत ठेवणाऱ्या पडद्याकडे पाठ करून, तोंडावर काही न दाखवता बसतो, तिथं मला आजोबांचा तो उतरलेला आवाज ऐकू आला. परक्या देशातली, परक्या भाषेतली कादंबरी त्या क्षणी घरातली झाली.

तारखाही जुळतात. जॉर्ज ऑर्वेल यांची ‘१९८४’ लंडनमध्ये ८ जून १९४९ रोजी प्रसिद्ध झाली. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी भारतात आलं. म्हणजे ती कादंबरी बाजारात आली तेव्हा पेडगावाला निजामी अमलातून सुटून नऊ महिनेही झाले नव्हते. ऑर्वेल यांचा जन्म आपल्याच देशातला, बिहारमधल्या मोतीहारीचा, २५ जून १९०३ चा. १९७५ साली याच तारखेला देशात आणीबाणी पुकारली गेली, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला आणि त्याच वर्षाच्या शेवटी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत लेखनस्वातंत्र्यासाठी उभ्या राहिल्या. असल्या योगायोगांतून काही सिद्ध होत नाही. पण ‘हे तिकडचं, आपल्याला काय त्याचं’ असं म्हणायची सोय त्यांच्यामुळे उरत नाही.

आता त्या चार कादंबऱ्या. येवगेनी झाम्यातिन यांनी ‘वुई’, म्हणजे ‘आम्ही’, रशियात १९२०-२१ च्या सुमारास लिहिली. ती पहिल्यांदा छापली गेली १९२४ साली न्यूयॉर्कमध्ये, इंग्रजी अनुवादात. तिच्या स्वतःच्या देशात छापून यायला १९८८ साल उजाडलं. तीत माणसांना नावं नाहीत, आकडे आहेत, आणि घरं काचेची आहेत. ऑल्डस हक्सली यांची ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ १९३२ ची. तीत कुणावर जबरदस्ती दिसत नाही. मन खट्टू झालं की ‘सोमा’ची गोळी घ्यायची, बस. तिसरी ‘१९८४’. चौथी रे ब्रॅडबरी यांची ‘फॅरनहाइट ४५१’, १९५३ ची. तीत बंब घेऊन येणारी माणसं आग विझवत नाहीत, घरात पुस्तकं सापडली की घरासकट जाळतात. ४५१ अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण २३३ अंश सेल्सिअस, या तापमानाला कागद पेट घेतो असं पुस्तक सांगतं, म्हणून ते नाव.

या चौघींना एकत्र बांधणारी एक गोष्ट मला बऱ्याच उशिरा दिसली. चारही ठिकाणी कथेच्या केंद्रस्थानी कागद आहे. ‘वुई’ मधला आकड्याचा माणूस आपल्या राज्याचं गुणगान करायला टिपणं लिहू लागतो आणि लिहिता लिहिता त्याचाच राज्यावरचा विश्वास डळमळतो; पुढं ती पानं लपवायची वेळ त्याच्यावर येते. हक्सलींच्या जगात रांगणाऱ्या बाळांपुढं रंगीत पुस्तकं आणि फुलं ठेवतात, बाळं हात लावायला गेली की कर्कश भोंगे वाजवतात, विजेचे धक्के देतात. पुस्तकाची भीती जन्मभरासाठी अंगात मुरवतात. त्याच कादंबरीत शहराबाहेर वाढलेल्या जॉनला शेक्सपिअरचा एक जुना ग्रंथ मिळतो. उंदरांनी बांधणी कुरतडलेली, पानं सुटलेली. पण राग, प्रेम, दुःख यांना शब्द असतात हे त्याला त्या फाटक्या ग्रंथातून समजतं. विन्स्टन जुन्या वस्तूंच्या दुकानातून मलईच्या रंगाच्या गुळगुळीत कागदाची कोरी वही घेतो आणि तीत तारीख घालतो. ब्रॅडबरींचा बंबवाला माँटॅग जाळायला गेलेल्या घरातून एक पुस्तक उचलून आणतो. ज्या राज्याला माणसाच्या मनापर्यंत हात पोचवायचा असतो त्याला आधी कागदाचा बंदोबस्त करावा लागतो, हे चार लेखकांनी तीस-पस्तीस वर्षांच्या काळात, वेगवेगळ्या देशांत बसून लिहिलं.

आमच्या मुलखाला हे कादंबरीतून शिकायची गरज नव्हती. निजामाच्या काळात परभणी जिल्ह्यात बहुसंख्यांची बोली मराठी, पण कचेरीची भाषा उर्दू. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं, त्याचं शिक्षण उर्दूतून. उर्दू मोठी गोड, मोठ्या साहित्याची भाषा आहे. माझ्या आजोबांना ती उत्तम येत होती आणि तिचा त्यांना अभिमान होता. तक्रार भाषेची नव्हती. स्वतःच्या भाषेत लिहायला, वाचायला, चार माणसं जमवून बोलायला वरून परवानगी लागायची, ही तक्रार होती. सभांवर बंधनं घालणारी ‘गश्ती नंबर ५३’ तर जुन्या लोकांना पाढ्यासारखी पाठ होती. अशा वेळी वाचनालय ही पुस्तकं ठेवायची खोली राहत नाही, ती माणसांनी एकत्र बसायची जागा होते. हैदराबादचं मराठी ग्रंथसंग्रहालय १९२२ चं. आ. कृ. वाघमारे यांनी ‘मराठवाडा’ हे साप्ताहिक काढलं ते निजामी हद्दीबाहेरून. त्यावर बंदी आली की ते नवं नाव घेऊन निघायचं, त्या नावावर बंदी आली की आणखी नवं नाव घ्यायचं. आणि ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी रझाकारांविरुद्ध लिहिलं म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांचा खून झाला. मराठी असो की उर्दू, छापलेल्या शब्दाची भीती सारखीच होती.

आमच्याच रेल्वेमार्गावरच्या सातोन्याचे बी. रघुनाथ, म्हणजे भगवान रघुनाथ कुलकर्णी, परभणीला बांधकाम खात्यात कारकून होते. विन्स्टन स्मिथही कारकूनच. एक सरकारी टेबलावर बसून जुन्या वर्तमानपत्रांतल्या नोंदी सत्तेच्या सोयीनं बदलतो. दुसरा सरकारी टेबलावरून उठून रात्री कथा, कविता, कादंबऱ्या लिहितो. बी. रघुनाथांच्या एका कादंबरीचं नाव आहे ‘जगाला कळले पाहिजे’. ते १९५३ साली चाळिशीतच गेले. त्याच वर्षी दूर अमेरिकेत ‘फॅरनहाइट ४५१’ छापून आली. दोघांना एकमेकांचं नावही ठाऊक असण्याचं कारण नाही. तरी माझ्या कपाटात मी ही पुस्तकं शेजारी शेजारी ठेवतो.

इथं थांबलो तर मीच वेड पांघरल्यासारखं होईल. हैदराबाद भारतात आणणाऱ्या लष्करी कारवाईनंतरच्या, म्हणजे पोलीस अॅक्शननंतरच्या आठवड्यांत मराठवाड्यात आणि संस्थानाच्या इतर भागांत कित्येक निरपराध मुसलमान मारले गेले. त्याची चौकशी करायला भारत सरकारनं पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. तिचा अहवाल कित्येक दशकं सरकारनं लोकांपुढं ठेवला नाही. आम्ही शाळेत रझाकारांचे अत्याचार शिकलो, आणि ते खरे होते. उरलेलं अर्धं कुणी शिकवलं नाही, आणि गावोगावच्या म्हाताऱ्यांना ते माहीत होतं. ऑर्वेल यांच्या कादंबरीत नको असलेला कागद भिंतीतल्या भोकात टाकतात आणि तो खालच्या भट्टीत जाऊन जळतो. आपल्याकडे कागद जाळावाही लागत नाही. तो फायलीत राहतो आणि आपण विचारत नाही. या कादंबऱ्यांकडे फक्त शत्रूचं राज्य ओळखायची खूण म्हणून पाहिलं तर त्या वाया गेल्या. आपल्या बाजूनं काय झाकलं आहे हे बघायचं धैर्य त्यांनी द्यावं, म्हणून त्या वाचायच्या.

आता छापील पुस्तकाविषयी, कारण हे पुस्तक त्याविषयीही आहे.

पुस्तकाचं प्रेम म्हटलं की कागदाचा वास, पानांची सळसळ यांच्या आठवणी निघतात. त्या मलाही आहेत. श्रावणात मारुतीच्या देवळात कंदिलाच्या उजेडात चाललेलं ‘पांडवप्रताप’, लाल कापडाचं दप्तर, वाळवी लागू नये म्हणून लोखंडी पेटीत पोथ्यांमध्ये घातलेला कडुलिंबाचा पाला, आणि वाचणाऱ्याचं बोट ओळीवरून सरकताना आम्हा पोरांचं त्या बोटावर खिळलेलं लक्ष. पण आवड ही शेवटी ज्याची त्याची गोष्ट. छापील पुस्तकाच्या बाजूनं मला जे म्हणायचं आहे ते आवडीच्या पुढचं आहे. छापील पुस्तक ही साक्ष आहे. एकदा हजार प्रती हजार घरांत गेल्या की त्यातली ओळ लेखकालाही बदलता येत नाही, प्रकाशकालाही नाही, सरकारलाही नाही. बदलायची तर हजार दारं ठोठावावी लागतात.

जुलै २००९ मध्ये अमेरिकेत जे घडलं ते मला या बाबतीत फार बोलकं वाटतं. अॅमेझॉन कंपनीच्या किंडल या वाचनयंत्रावर लोकांनी पैसे देऊन एक पुस्तक घेतलं होतं. ज्यानं ते विक्रीला ठेवलं त्याच्याकडे हक्क नव्हते, असं कंपनीच्या लक्षात आलं. मग एक दिवस ते पुस्तक लोकांच्या यंत्रांतून, त्यांना न विचारता, दुरूनच पुसून टाकण्यात आलं. पैसे परत मिळाले. अभ्यासासाठी टिपणं काढत ते वाचणाऱ्या एका विद्यार्थ्याची टिपणं मात्र निराधार झाली. कंपनीच्या प्रमुखानं पुढं जाहीर माफी मागितली. ते पुस्तक होतं ‘१९८४’, आणि त्याच्यासोबत पुसलं गेलं ऑर्वेल यांचंच ‘अॅनिमल फार्म’. कुणाचा हेतू वाईट नव्हता, हे मान्य करू. पण घरात ठेवलेलं पुस्तक घरमालकाला न कळता नेता येतं, एवढं त्या दिवशी दिसलं.

छापील पुस्तकालाही असा धोका असतोच. ‘फॅरनहाइट ४५१’ ची शाळांसाठी काढलेली आवृत्ती १९६७ पासून विकली जात होती. तीत संपादकांनी मुलांना नकोत म्हणून पंचाहत्तर ठिकाणी शब्द आणि प्रसंग बदलले होते. एका प्रसंगातला दारुडा आजारी माणूस करून टाकला होता. पुस्तकं जाळण्याविरुद्धच्या पुस्तकाला अशी कात्री लागली, आणि लेखकाला त्याचा पत्ता नव्हता. ब्रॅडबरींना हे १९७९ मध्ये कळलं आणि त्यांनी मूळ मजकूर परत आणायला लावला. परत आणता आला, कारण जुन्या प्रती लोकांच्या कपाटांत होत्या. एक प्रत दुसऱ्या प्रतीवर साक्ष देऊ शकत होती.

हे आपल्याला फार पूर्वीपासून माहीत आहे. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या आठवणी गावोगाव हिंडून गोळा केल्या, त्याचं ‘लीळाचरित्र’ झालं. पुढच्या धामधुमीत ती मूळ पोथी गेली. मग ज्यांना ती मुखोद्गत होती त्यांनी आठवून आठवून पुन्हा लिहवली. त्यांत हिराइसेचं नाव आदरानं घेतलं जातं. ‘फॅरनहाइट ४५१’ च्या शेवटी रानात राहणारी माणसं एकेक पुस्तक पाठ करून स्वतःच पुस्तक होतात, हे वाचून जगानं आश्चर्य केलं. चक्रधरांच्या अनुयायांनी, महानुभावांनी, ते सहाशे वर्षांपूर्वी करून दाखवलं होतं. पण स्मरणाला मर्यादा आहे. वेगवेगळ्या स्मरणांतून वेगवेगळे पाठ निघाले, आणि त्यांतला मूळचा कोणता हे ठरवताना अभ्यासकांचा आजही कस लागतो. ‘ज्ञानेश्वरी’चंही तेच. हातानं नकला करताना इतकी भर पडली, की पैठणला एकनाथांना शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, अनेक पोथ्या ताडून शुद्ध प्रत तयार करावी लागली. पुढं कुणी भर घालू नये, असंही त्यांनी बजावून ठेवलं. एका संतानं आयुष्यातला वेळ दुसऱ्या संताच्या ओळी जशाच्या तशा राखण्यासाठी दिला, याहून मोठा ग्रंथगौरव मला माहीत नाही.

मोबाइलवर वाचणाऱ्यांशी माझं भांडण नाही. पेडगावातून परभणीच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलांना जी पुस्तकं मिळणं अशक्य होतं ती आज मोबाइलवर मिळतात, मलाही मिळाली. पडद्यावर वाचा, कानानं ऐका, जमेल तसं वाचा. माझा आग्रह एवढाच आहे, की जे पुस्तक महत्त्वाचं वाटलं त्याची एक छापील प्रत गावात कुठं तरी असू द्या.

कारण ब्रॅडबरींच्या कादंबरीत सगळ्यात भिववणारी गोष्ट आग नाही. बंबवाल्यांचा प्रमुख बीटी माँटॅगला सांगतो, की हे सरकारनं सुरू केलं नाही. आधी लोकांनी वाचायचं सोडलं. त्यांना सगळं छोटं, झटपट, कुणाला न दुखवणारं हवं झालं. पुस्तकं आधीच कुणाला नको होती. जाळणारे नंतर आले. ब्रॅडबरी हे लिहीत होते ते एका ग्रंथालयात. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या ग्रंथालयाच्या तळघरात भाड्यानं टंकलेखन यंत्रं मिळत, अर्ध्या तासाला दहा सेंट. तिथं नाणी टाकून टाकून त्यांनी पहिला खर्डा पुरा केला. खर्च आला नऊ डॉलर ऐंशी सेंट. मधे दमले की वर जाऊन कपाटांतली पुस्तकं चाळून येत.

आपल्याकडे १९६७ सालचा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, अ-ब-क-ड वर्गांची ग्रंथालयं आहेत, अनुदान आहे. पण मी अशीही वाचनालयं पाहिली आहेत, जिथं कपाटाची किल्ली कुणाकडे आहे हे अर्धा तास कुणाला सांगता आलं नाही. कपाट उघडल्यावर आत चांगली पुस्तकं निघाली. शेवटच्या पानाला चिकटवलेल्या तारखांच्या चिठ्ठीवर एकही शिक्का नव्हता. पुस्तकांना बंदी नव्हती, कुणी काडी लावली नव्हती. ते कपाट बघून बीटीचं बोलणं मला पुन्हा ऐकू आलं.

या पुस्तकात चार कादंबऱ्यांवर चार लेख आहेत. प्रत्येकात आधी गोष्ट सांगितली आहे, मग लेखकाचा काळ, आणि शेवटी ती गोष्ट आपल्या मुलखात कुठं भेटते ते. लेख कादंबरीच्या जागी वाचायला लिहिलेले नाहीत. त्यातला एक वाचून तुम्ही मूळ कादंबरी मागवली, तर लेखाचं काम झालं. मी समीक्षक नाही, स्टेशनवर गाडीची वाट बघत पुस्तक वाचणारा माणूस आहे. त्यामुळे चुका असतील. त्या पेन्सिलनं समासात लिहा, म्हणजे पुढच्या वाचकाला दिसतील.

वाचकाला एक विनंती आहे. प्रतीच्या पहिल्या पानावर आपलं नाव, गाव आणि आजची तारीख शाईनं लिहा. वाचून झाल्यावर ती घरात ठेवू नका. शेजाऱ्याला, शाळेतल्या मास्तरांना, वाचनालयाच्या कपाटाला द्या, आणि कपाटाला कुलूप असेल तर किल्ली कुठं आहे ते विचारा. ती सापडेपर्यंत विचारत राहा.

— पेडगाव, ता. जि. परभणी